धागा: दुपारी साडेबाराला सावली दक्षिणेला कशी काय पडायलीय?

येळ्ळूरची_सून | २८ मे, दुपारी १:२०

नमस्कार मंडळी, शंका साधीच आहे, हसू नका. आज अंगणात सांडगे घालत होते आणि सहज दोरीच्या लोखंडी खांबाकडं लक्ष गेलं. साडेबारा वाजलेले. सावली जेमतेम वीतभर, पण पडलेली घराकडं. आमचं घर उत्तर-तोंडी, अंगण समोर, म्हणजे सावली दक्षिणेला आणि सूर्य उत्तरेला! पोरगं सातवीला आहे, त्यानं वहीत लिहून घेतलंय की भारतात दुपारची सावली कायम उत्तरेलाच पडते. तो वही घेऊन खांबाजवळ उभा, मी सांडग्याचं ताट घेऊन उभी, आणि सासूबाई म्हणतात की मे महिन्यात सोप्याच्या पायरीवर सकाळचं ऊन येतंच, थंडीत एक दिवस येत नाही, यात नवीन काय. त्यांना नवीन नाही, पण कारण कुणालाच सांगता येईना. कुणी सांगेल काय?

टिळकवाडी_एक्सप्रेस | २८ मे, दुपारी १:४१

ताई, मोबाईलचा कंपास लोखंडी खांबाजवळ धरला असशील, तो कायपण दाखवतोय मग 😄

येळ्ळूरची_सून | २८ मे, दुपारी १:४६

कंपास नाही ओ, घर बांधताना वास्तूवाल्यानं चारदा दिशा मोजलेली, त्याचे पैसे पण आठवतात.

निवृत्त_मास्तर | २८ मे, संध्याकाळी ६:०५

ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत, खांब बरोबर आहे, चुकलंय ते वहीतलं वाक्य. ते दिल्लीला चालतं, आपल्या बेळगावला नाही. मी खानापूर भागात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि सुरुवातीची काही वर्षं मीपण हेच वाक्य फळ्यावर लिहिलं, हे आधी कबूल करतो.

आता नीट सांगतो. पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, २३.४ अंश कललेला आहे. त्यामुळं वर्षभरात दुपारचा सूर्य डोक्यावर येणारी जागा सरकत राहते, २१ जूनच्या आसपास ती कर्कवृत्तावर असते आणि २१-२२ डिसेंबरला मकरवृत्तावर. बेळगाव आहे सुमारे १५.८५ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलंच खाली. तर सूर्याला वर जाताना एकदा आणि परत येताना एकदा असं दोनदा आपल्या डोक्यावरनं जावं लागतं. जाताना ३-४ मेच्या सुमारास, येताना ८-९ ऑगस्टच्या. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली पायातच जिरते, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. आणि या दोन तारखांच्या मधे, म्हणजे तीन महिन्यांच्या वर, सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नुसता दुपारी नाही, उगवल्यापासून मावळेपर्यंत. म्हणून उत्तरेच्या सोप्याला ऊन.

आज सूर्य डोक्यापासून साडेपाच अंशाच्या थोडा वर उत्तरेला होता. खांब आठ फुटी धरला तर सावली नऊ-साडेनऊ इंच यायला पाहिजे. तुम्ही वीतभर म्हणालात, माझा हिशोब जुळला. हाच खांब २१ डिसेंबरला बघा, सावली साडेसहा फूट आणि ती उत्तरेला, रस्त्याकडं.

आणि तुम्ही साडेबाराला बघितलंत ते फार बरं केलंत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे, बेळगाव ७४.५ वर, आठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटांचा फरक. म्हणून आपली खरी दुपार मे महिन्यात १२:२९ च्या आसपास होते, ऑगस्टात १२:३७ ला. बाराच्या ठोक्याला बघितलं असतंत तर सूर्य थोडा पूर्वेला सापडला असता आणि इथं वेगळाच वाद लागला असता.

निपाणीकर | २८ मे, संध्याकाळी ६:३०

मास्तर, मग आमच्या निपाणीत कधी? आम्ही जरा वर आहोत.

निवृत्त_मास्तर | २८ मे, संध्याकाळी ६:३८

दोनेक दिवस उशिरा, ५-६ मे. कोल्हापूर ६-७ मे. सूर्य तेव्हा रोज पाव अंशाच्या थोडा वर सरकतो, आणि कोल्हापूर आपल्यापेक्षा साधारण ०.८५ अंश उत्तरेला आहे. मजा म्हणजे बेळगावला सावली शून्य असते त्या दिवशी कोल्हापुरात एक मीटरच्या काठीची सावली दीड सेंटिमीटर पडते. दोन्ही गावांत मित्र असतील तर तेवढ्यावरनं पृथ्वी मोजता येते. सरळ उत्तर-दक्षिण अंतर ९५ किलोमीटरच्या आसपास, त्याला ०.८५ नं भागा, ३६० नं गुणा, ४० हजाराच्या जवळ आलाच परीघ. काठी मात्र ओळंब्यात उभी पाहिजे. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळं सावलीची कड पुसट येते आणि दीड सेंटिमीटर मोजताना घाम फुटतो, हे अनुभवानं सांगतो.

कडोलीचा_शेतकरी | २८ मे, रात्री ८:१२

मास्तर नमस्कार. आमच्या मळ्यातली विहीर खोल हाय, अरुंद, वर्षभर खाली अंधारच. पण मेच्या सुरवातीला चार-पाच दिवस दुपारी ऊन पार तळाच्या पाण्याला लागतंय आणि वर काठाला त्याचा कवडसा हालतोय. आमचा आज्जा म्हणायचा सूर्य पाणी प्यायला उतरलाय. म्हणजे ते हेच व्हय?

निवृत्त_मास्तर | २८ मे, रात्री ८:३०

अगदी तेच! इजिप्तमधल्या सायीनीच्या, म्हणजे आजच्या अस्वानच्या विहिरीची हीच गोष्ट सांगतात, आणि त्यावरनं ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसनं पृथ्वीचा परीघ काढला, इसवी सनाच्या आधी सव्वादोनशे-अडीचशे वर्षं. त्याची विहीर कर्कवृत्ताजवळ, म्हणून तिथं हा प्रकार वर्षातनं एकदाच, जूनमधे. तुमच्या विहिरीत दोनदा होतो.

कडोलीचा_शेतकरी | २८ मे, रात्री ८:३४

दुसऱ्यांदा कधी बघितलं न्हाई.

निवृत्त_मास्तर | २८ मे, रात्री ८:३६

ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बेळगावात सूर्य कुणी बघितलाय? 😄 आणि तेव्हा विहीर पण भरलेली असते, तळ कुठला दिसायला.

टिळकवाडी_एक्सप्रेस | २८ मे, रात्री ९:०२

थांबा थांबा. मला आता एक भयंकर शंका यायलीय. दोन वर्षांमागं मे महिन्यातच गच्चीवर सोलर गीझर बसवला. बसवणाऱ्यानं दुपारी वर बघितलं, हात डोळ्यावर धरला, म्हणाला ऊन उत्तरेकडनं येतंय, आणि स्टँड उत्तर-तोंडी ठोकला. मी म्हटलं माणूस अनुभवी दिसतोय. त्या वर्षी पावसाळा संपेपर्यंत काय कळलं नाही, मग डिसेंबरात बेळगावची थंडी पडली आणि गीझरमधनं नुसतं कोमट पाणी. त्याला फोन केला की म्हणतोय पाण्यात क्षार जास्त आहेत. क्षार काढून झाले, दोनदा. मास्तर खरं सांगा, मी फसलो काय?

निवृत्त_मास्तर | २८ मे, रात्री ९:२०

फसलात. पण त्यानं डोळ्यानं बघितलं ते खोटं नव्हतं, फक्त तो चुकीच्या महिन्यात वर बघत होता. २१ डिसेंबरला आपल्याकडं दुपारचा सूर्य डोक्यापासून ३९ अंश दक्षिणेला कललेला असतो. तुमचं पॅनेल समजा २० अंश उत्तरेला तिरकं आहे, मग ऊन त्याच्यावर ५९ अंशानं तिरकं पडतं, आणि समोरनं पडलं असतं त्याच्या निम्मंच मिळतं. तेच दक्षिण-तोंडी असतं तर तिरकेपणा १९ अंशच, ९५ टक्के मिळालं असतं. मे-जूनमधे उलट होतं, पण तेव्हा बेळगावात गरम पाणी कुणाला पाहिजे असतं? गरज थंडीत, म्हणून तोंड दक्षिणेला.

ऋतू म्हणजे तरी दुसरं काय आहे, तुमचा गीझरच. सूर्य तोच, उष्णता तीच, फक्त पॅनेल कधी त्याच्याकडं कलतं कधी पाठ फिरवतं. डिसेंबरात दुपारी सुद्धा तेवढंच ऊन जास्त जमिनीवर फाकतं, जवळपास पाव भाग कमी पडतो, शिवाय दिवस ११ तास १० मिनिटांचा. जूनमधे तोच दिवस १३ तासांच्या थोडा वर.

पंचांगप्रेमी | २९ मे, सकाळी ७:१५

सर्वांना शुभ प्रभात. चर्चा वाचली. पण मूळ कारण असं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिरकेपणा वगैरे ठीक, पण शेकोटीच्या जवळ बसलं तर जास्त शेकतं, एवढं साधं आहे.

मेलबर्नवासी_बेळगावी | २९ मे, सकाळी ८:५०

काका, मी वडगावचा, आता नऊ वर्षं मेलबर्नला. आज इथं स्वेटर घालून बसलोय आणि आई फोनवर म्हणतीय फॅन फुल्ल आहे. पृथ्वी एकच, शेकोटी एकच, मग एका बाजूला मी गारठलोय आणि दुसऱ्या बाजूला आईला घाम, हे जवळ-लांबवर कसं बसवायचं? ख्रिसमसला इथं पावणेनऊपर्यंत उजेड, लोक समुद्रावर. आणि इथं सूर्य दुपारी कायमच उत्तरेला, भाड्याच्या घराच्या जाहिरातीत लिहितात उत्तर-तोंडी हॉल म्हणून, भाडं जास्त. आपल्याकडनं नवीन आलो तेव्हा दिशांचा पार गोंधळ उडालेला, सहा महिने बस उलट्या बाजूला जातीय असंच वाटायचं.

निवृत्त_मास्तर | २९ मे, सकाळी १०:१०

पंचांगप्रेमी काका, राग मानू नका, पण उलटंच आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ३-४ जानेवारीला, तेव्हा अंतर १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. सगळ्यात लांब ४-५ जुलैच्या सुमारास, १५ कोटी २१ लाख. पन्नास लाख किलोमीटरचा फरक ऐकायला मोठा, पण उन्हात फरक सातेक टक्क्यांचाच. बेळगावात जानेवारीत आपण कानटोपी घालून हिंडतो तेव्हा शेकोटीच्या जवळ बसलेलो असतो!

कलण्याचं सुद्धा लोकांना वाटतं की पृथ्वी सहा महिने इकडं आणि सहा महिने तिकडं झुकते. ती झुकत-बिकत नाही. घरी करून बघा: मधे समई ठेवा, छत्री मिटून तिचं टोक गावच्या देवळाच्या कळसाकडं कलतं धरा आणि समईला प्रदक्षिणा घाला, टोक मात्र सगळी फेरी कळसाकडंच ठेवायचं. अर्ध्या फेरीत टोक आपोआप समईकडं येतं, अर्ध्या फेरीत समईपासनं लांब. छत्रीनं काही केलं नाही, तुम्ही फिरलात. वर्गात हे केलं की मागच्या बाकावरची पोरं पण उठून उभी राहायची. (पृथ्वी वरनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरते, तेव्हा प्रदक्षिणा पण उलटी घाला, देवाला आधी सांगून ठेवा.)

पंचांगप्रेमी | २९ मे, सकाळी १०:४४

राग कशाचा. पण मग उत्तरायण मकर संक्रांतीला लागतं ना, १४ जानेवारी? तुम्ही डिसेंबर म्हणताय.

निवृत्त_मास्तर | २९ मे, सकाळी ११:३०

हा प्रश्न चांगला आहे आणि यात पंचांगाची चूक काढायची माझी इच्छा नाही. आपली संक्रांत ताऱ्यांवरनं ठरते, सूर्य मकर राशीच्या ताऱ्यांत गेला की संक्रांत. उत्तरेकडं वळणं मात्र आसाच्या कलण्यावर आहे, ते २१-२२ डिसेंबरलाच होतं. हे दोन्ही साधारण १७०० वर्षांमागं एकाच दिवशी येत होते. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, एक फेरी २६ हजार वर्षांची, त्यामुळं संक्रांत ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता १४ नाहीतर १५ ला येते. तिळगूळ खायला काही हरकत नाही.

कडोलीचा_शेतकरी | २९ मे, दुपारी २:०५

मग मृगाचं काय? आमची सगळी शेती त्याच्यावर. आत्ता रोहिणी चालू हाय, पावसाआधीची धूळवाफ पेरणी झाली, पेरायची कुरी धुऊन ठेवली. ७-८ जूनला मृग निघतोय. पण मृगाच्या चांदण्या तर थंडीत दिसतात, जूनमधे रात्रभर जागलो तरी मृग दिसत न्हाई. असं कसं?

दुर्बीण_भाऊ | २९ मे, दुपारी ४:२०

दादा याला मी उत्तर देऊ काय, मास्तरांनी तपासावं. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला, म्हणजे आपण इथनं बघितलं तर सूर्याच्या मागं तेव्हा मृगाच्या चांदण्या असतात. त्या दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात, उजेडात दिसणार कशा. सहा महिन्यांनी आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो की मृग रात्रीच्या बाजूला येतो, म्हणून डिसेंबरात रात्रभर आकाशात असतो. पंचांगातलं पावसाचं नक्षत्र म्हणजे खरं तर पृथ्वी वर्षाच्या फेरीत कुठं पोचलीय त्याचा मैलाचा दगड.

निवृत्त_मास्तर | २९ मे, संध्याकाळी ५:००

दहापैकी दहा. फक्त नक्षत्राचं वाहन कोल्हा का बेडूक त्याच्यावर पाऊस ठरत नाही, एवढं जोडतो. आणि हेच पौर्णिमेच्या चंद्राला लावा. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून सूर्य वरनं जातो त्या महिन्यात चंद्र खालनं जातो. दत्तजयंतीचा चंद्र मध्यरात्री जवळपास डोक्यावर असतो, आणि वटपौर्णिमेचा बराच खालनं, दक्षिणेकडनं. ढग नसले तर बघा.

येळ्ळूरची_सून | २९ मे, रात्री ९:४०

सर, दत्तजयंतीच्या चंद्राचं खरंच लक्षात आलं नव्हतं, एवढी वर्षं पारायणाहून रात्री घरी येताना बघितलाय. पोरगं विचारायलंय, बाकीच्या ग्रहांवर पण उन्हाळा-पावसाळा असतो काय आणि चंद्रावर काय असतं.

दुर्बीण_भाऊ | २९ मे, रात्री १०:३०

पावसाळा सोड, पण ऋतू असतात, ज्याचा जेवढा कल तसे. मंगळ २५ अंश कललेला, जवळपास आपल्याएवढाच, पण त्याचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणून एकेक ऋतू जवळपास दुप्पट. पंचांगप्रेमी काकांची शेकोटी मंगळावर मात्र बऱ्यापैकी खरी ठरते, कारण त्याची कक्षा जास्त लांबट आहे, सूर्यापासून २० कोटी ७० लाख ते २४ कोटी ९० लाख किलोमीटर, उन्हात ४५ टक्क्यांचा फरक पडतो. गुरू तीनच अंश कललेला, तिथं ऋतू नावालाच. शनी पावणेसत्तावीस अंश, एकेक ऋतू सात वर्षांच्या वर. आणि युरेनस तर आडवा पडलाय, ९८ अंश, वर्ष ८४ वर्षांचं, त्याच्या ध्रुवावर एकदा सूर्य उगवला की ४२ वर्षं मावळत नाही. तिथं सांडगे वाळवून आयुष्य गेलं तरी संध्याकाळ होणार नाही 😀

आपला चंद्र दीड अंशच कललेला, म्हणून त्याच्या ध्रुवाजवळच्या खोल खड्ड्यांत कधीच ऊन पोचत नाही, आणि तिथंच बर्फ आहे. सगळ्या देशांचा डोळा दक्षिण ध्रुवावर आहे तो त्यामुळंच. आपलं चांद्रयान-३ त्याच भागात, ६९ अंश दक्षिणेला उतरलं, २३ ऑगस्ट २०२३.

मागं जांबोटीकडं मित्राच्या शेतात साध्या दुर्बिणीतनं गुरूचे चार चंद्र बघितलेले. एका रेषेत ओवल्यासारखे. दुसऱ्या रात्री बघितलं तर एक बाजू बदलून गेलेला. गॅलिलिओनं १६१० मधे हेच बघितलं. त्यातला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतोय गुरूभोवती, आपला चंद्र घेतो २७ दिवस. दुर्बीण हातात नुसती धरू नका, हलते, गाडीच्या टपावर टेकवा.

मेलबर्नवासी_बेळगावी | ३० मे, सकाळी ६:१०

एक राहिलंच. सूर्य मेच्या सुरवातीला डोक्यावर आणि जूनमधे दिवस सगळ्यात मोठा, मग बेळगावात खरा उकाडा एप्रिलात का? आई म्हणतीय मे संपताना रात्री गार वारं सुटतंय.

निवृत्त_मास्तर | ३० मे, सकाळी ९:२५

ढगामुळं. एकतर आपण अडीच हजार फुटांवर, आणि सह्याद्रीची कड जवळ. एप्रिलात जमीन तापते, मेमधे दुपारनंतर ढग जमून वळीव कोसळतो, जूनमधे मॉन्सून येतो आणि सूर्याला झाकून टाकतो. गंमत अशी की मॉन्सूनला बोलावतं ते याच सूर्यानं तापवलेलं उपखंड. त्यानं बोलावलेला पाहुणा त्यालाच घराबाहेर काढतो.

येळ्ळूरची_सून | ९ ऑगस्ट, दुपारी १:०५

धागा वर काढतेय. काल आणि आज दोन्ही दिवस पोरगं १२:३७ ला छत्री घेऊन खांबाजवळ. धो-धो पाऊस, सावली कुणाचीच नाही, ना खांबाची ना त्याची. वहीत लिहून टाकलंय: ‘सावली शून्य. कारण दोन असू शकतात.’ शाळेत काय म्हणतील बघू.

टिळकवाडी_एक्सप्रेस | ९ ऑगस्ट, दुपारी १:३०

पोराला माझ्याकडनं एक कुंदा 😄 माझंपण ऐका. गीझरवाल्याला परत बोलवलं, मास्तरांचा हिशोब कागदावर लिहून दाखवला, ३९ अंश, ५९ अंश, सगळं. त्यानं कागद बघितला, वर बघितलं, वर ढगच. म्हणाला फिरवून देतो पण पाईप नवीन लागेल, पैसे वेगळे. दिले. आता तोंड दक्षिणेला आहे आणि आठवडाभर सूर्यच नाही, अंघोळ चुलीवरच्या पाण्यानं.